आप्पांनी टाळलेला ईसीजी

मंडळी, गंगाखेडहून येऊन तीन तास झाले, तरी जीव थाऱ्यावर नाही. दर पाच मिनिटाला आप्पांची नाडी धरून बघायलोय.

आप्पा म्हणजे माझे वडील. दिवाळीपासून छातीत धडधड होतीय म्हणायचे. ईसीजी काढू म्हटलं की विषयच बदलायचे. हट्टी आहेत म्हणून मीबी सोडून दिलं. आज दुकानात चक्कर आली, तेव्हा बळंच गंगाखेडला दवाखान्यात नेलं.

टेबलावर झोपवल्यावर आप्पांनी दोन्ही हातांनी सदरा गच्च धरला. आत गळ्यात इष्टलिंग होतं. ते कधीच अंगावेगळं करायचं नसतं, हे आम्हा लिंगायतांत लेकराला पण माहीत असतं.

"हे काढा म्हनाल तर मी चाललो," आप्पा म्हणाले.

ईसीजी काढणारी ताई हसली. "काढू नका आप्पा. नुसतं खांद्याकडं सरकवा."

एवढंच होतं हो!

डॉक्टरांनी कागदावर बोट ठेवलं. एक उंच टोक म्हणजे एक ठोका. टोकांमधलं अंतर सारखं पाहिजे. आप्पांची टोकं कुठं चिकटून, कुठं लांब होती. अशानं हृदयात रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जाऊ शकते म्हणाले. गोळ्या दिल्या, अन् उशीर केला म्हणून मलाच बोलले.

घरी आल्यावर मी आप्पांवर चिडलो. "आधी सांगायचं की!"

"तू नुसतं चला चला म्हनलास. काहून येत न्हाई, ते कवा इचारलंस?"

तुमच्या घरी कोण काय टाळायलंय? तुम्ही विचारलंय का, काहून?