पास कुणी दिला?

आमच्या मुलींचे फुटबॉल कोच मूळचे चीनचे. तिथल्या लीगमध्ये ते बरीच वर्षं मिडफिल्डर म्हणून खेळले आणि आता इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीत, शाळकरी मुलींना शिकवतात. मैदानाच्या कडेला फोल्डिंगच्या खुर्चीवर बसून आमची ओळख ‘हाय, बाय’च्या पुढे गेली नसती. पण गेल्या हिवाळ्यात त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी ड्राइव्ह करायला मनाई केली. ते आमच्या मागच्याच रस्त्यावर राहतात, त्यामुळे माझ्या मुलीबरोबर त्यांनाही प्रॅक्टिसला न्यायचं-आणायचं काम माझ्याकडे आलं.

विचारलं तेवढंच ते सांगत. नऊ-दहा वर्षांचे असताना त्यांना क्रीडाशाळेत ठेवलं. सकाळी मैदान, दुपारी जेमतेम अभ्यास, संध्याकाळी परत मैदान. वडील अधूनमधून भेटायला येत, ते कुंपणाबाहेर उभे राहून खेळ बघत आणि न बोलताच बसने परत जात. पुढे प्रांताचा संघ, मग क्लब.

“आणि देशाकडून?” मी विचारलं.

“एकदा शिबिराला बोलावलं होतं. राखीव म्हणून.”

एके दिवशी क्लबच बंद पडला. सकाळी सगळे प्रॅक्टिसला आले तर फाटकाला कुलूप. मग एका लहान क्लबात गुडघा टिकला तेवढे दिवस, मग लहान मुलांचे कोच, मग बायकोच्या संशोधनाच्या नोकरीपायी अमेरिका. इथे सकाळी गोदामात खोकी उचलायची आणि संध्याकाळी मैदानावर यायचं. ऑपरेशननंतर खोकी उचलणं कायमचं बंद झालं. त्याच सुमारास आमच्या मुली खेळतात त्या क्लबमध्ये मोठ्या मुलींच्या हेड कोचची जागा निघाली. फुल टाइम, इन्शुरन्ससकट. ती त्यांना मिळणं फार गरजेचं होतं. शिवाय मैदानाबाहेरचं दुसरं कुठलंही काम त्यांना येत नव्हतं, हे ते स्वतःच सांगत.

इंटरव्ह्यूची तयारी मी करून घेते म्हटलं. आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली. हे मी अभिमानाने सांगते, आणि जरा जास्तच वेळा सांगते असं माझ्या मुलीचं मत आहे. वडील कोल्हापूरला फाउंड्रीत कामाला होते. इंटरव्ह्यू कसा द्यायचा हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. कॅम्पसला कंपनी आली तेव्हा दाराबाहेर उभी राहून, बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला विचारून मी ते शिकले. त्यामुळे या बाबतीत मला कळतं असं मी म्हणू शकते.

“समजा मी क्लबची डायरेक्टर,” मी गाडी चालवता चालवता म्हटलं. “तुमची सगळ्यात चांगली मॅच सांगा.”

त्यांनी सुंदर सांगितली. पाऊस कसा होता, फॉरवर्ड कसा वळला, गोलकीपर कुठल्या बाजूला पडला.

मागून मुलगी म्हणाली, “कोच, दॅट्स समवन एल्सेस गोल.”

“हो. फार सुरेख गोल होता.”

“तुम्ही काय केलंत ते सांगा ना,” मी म्हटलं.

“मी त्याला बॉल दिला.”

“मग सुरुवात तिथून करा.”

“तिथून केली तर गोष्ट लगेच संपते.”

मुलगी हसली, तेही हसले. मला हसू आलं नाही, कारण इंटरव्ह्यू आठवड्यावर आला होता.

असंच एकदा मी त्यांना आबांबद्दल, म्हणजे माझ्या वडिलांबद्दल सांगितलं. कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ असतात. पेठ विरुद्ध पेठ अशी मॅच असली की दुकानांची शटर लवकर खाली येतात. आबा आमच्या तालमीकडून खेळायचे. एका फायनलची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. शेवटची काही मिनिटं उरली होती. डाव्या विंगवरच्या खेळाडूने बॉल घेतला, गोल केला, आणि पेठेने त्याला खांद्यावर घेतलं. त्याचा फोटो अजून तालमीत आहे.

कोच म्हणाले, “पास कुणी दिला?”

“माहीत नाही. आबांनी कधी सांगितलं नाही.”

“ते कुठे खेळायचे?”

“हाफला. म्हणजे मिडफिल्डच.”

ते खिडकीबाहेर पार्किंगच्या कडेला ढकलून ठेवलेल्या काळपट बर्फाकडे बघत बसले.

इंटरव्ह्यूलाही मीच त्यांना घेऊन गेले. परत येताना विचारलं, चांगल्या मॅचचा प्रश्न आला का? आला होता. त्यांनी क्लब बंद पडायच्या आधीची शेवटची मॅच सांगितली होती. स्टेडियम जवळजवळ रिकामं होतं. दुसऱ्या एका क्लबचा माणूस खेळाडू बघायला आला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. बॉल यांच्या पायात होता आणि समोर गोल. यांनी तो बाजूच्या फॉरवर्डला दिला. त्याने गोल केला आणि त्या माणसाच्या क्लबने त्याला घेतलं. यांना नाही घेतलं.

“तुम्ही स्वतः शॉट का नाही मारलात?”

“तो मोकळा होता,” ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ईमेल आला, जागा दुसऱ्या कुणाला दिली होती. ज्या बाईंना ती मिळाली त्यांच्याकडे कोचिंगचं वरचं लायसन्स होतं म्हणतात, त्यामुळे या उत्तरानेच नोकरी गेली असं मी म्हणणार नाही. पण माझा सल्ला चुकीचा होता असंही मला वाटत नाही. या देशात स्वतःचं काम स्वतःच सांगावं लागतं. मी तेच करत इथवर आले. ते मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी मान हलवली. ते आता इनडोअर मैदानाच्या काउंटरवर बसतात, चाव्या देतात, फोन घेतात, आणि संध्याकाळी पूर्वीसारखेच लहान मुलींना शिकवतात.

त्या रविवारी आबांना फोन केला. तब्येत, औषधं, हवापाणी झालं.

“आबा, त्या फायनलला पास कुणी दिला होता?”

“कुठल्या फायनलला?”

“तुम्ही सांगता ती. डाव्या विंगवाल्याच्या गोलची.”

तिकडे आबांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

“मग काय, आभाळातनं पडला व्हय बॉल? मीच दिला.”

“इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत.”

“त्यात सांगायचं काय, पोरी? गोल त्यानं केला न्हवं?” आणि लगेच, “जेवलीस का?”

मंगळवारी प्रॅक्टिस सुटल्यावर मी कोचना हे सांगितलं. ते मैदानावर मांडलेले प्लास्टिकचे शंकू गोळा करत होते, गुडघा जपत, एकेक करून. ऐकून सरळ उभे राहिले.

“कुठल्या पायाने दिला?” त्यांनी विचारलं.

हे काही मी विचारलं नव्हतं. म्हटलं, रविवारी विचारून सांगते.