कासनी फुलेपर्यंत

जव्हारहून खोडाळ्याला एसटीनं फार तर दीड तास. पोशीला मात्र तेवढ्या वाटेला पावणेदोन वर्षं लागली, आणि का लागली हे ऐकलंत तर म्हणाल, बाई वेडीच होती. वेडीबिडी काही नव्हती हो. दिलेल्या शब्दाला पक्की होती, एवढाच तिचा गुन्हा.

पोशी मूळची जामसरची. नवरा तापानं गेला, पदरी मूल नाही, म्हणून जव्हारला मंजुषाबाईंकडे कामाला राहिली. मंजुषाबाई निवृत्त मुख्याध्यापिका. तीस वर्षं इथल्याच पोरींना शिकवलं, इथंच घर बांधलं, आणि गुडघ्यांनी दगा दिल्यावर इथंच एकट्या पडल्या. काठीशिवाय चार पावलं टाकायची सोय नव्हती. पोशी त्यांना हाताला धरून उठवायची, न्हाऊ घालायची, गरम भाकर वाढायची. अशी सात वर्षं गेली, आणि मग नवसूनं विचारलं.

नवसू खोडाळ्याचा, बायको वारलेला, बाजारात सुपं-टोपल्या घेऊन बसणारा. एकदा पोशीनं सूप निवडलं तर पैसे घेईना. म्हणाला, हे जव्हारला न्यायचं नाय, माझ्याच घरी पाखडायला ठेवायचं. पोशी तोंडाला पदर लावून हसली. तिला तो आवडला होता, उगाच कशाला लपवायचं? दिवाळीनंतर पाट लावायचा, म्हणजे दुसरं लग्न करायचं, असं ठरलं.

घरी येऊन तिनं बाईंना सांगितलं. बाईंनी कपाटातून एक पाकीट काढलं. पुतण्या सुदर्शननं उत्तरेकडून पाठवलेलं कासनीचं बी होतं ते. परसातल्या उतारावर भादव्यात सोनकी आणि तेरडा आपापले फुलतातच, त्यांच्यात निळ्या कासनीचा एक तुकडा असावा, अशी बाईंची फार दिवसांची हौस. एवढं फूल माझ्या डोळ्यांनी बघू दे, मग खुशाल जा, असं त्या म्हणाल्या. पोशीनं मनात हिशेब मांडला. मृगात पेरलं की दसऱ्याला फूल. तिच्या माहितीतलं नागली, वरई, खुरासणी सगळं एका पावसाळ्यात उगवून फुलून घरात येतं. तिनं डब्यातली मूठभर नागली हातात घेतली आणि कणसरीची शपथ खाल्ली, की तुमी फूल बघत नाय तवर मी उंबरा सोडायची नाय.

कणसरी म्हणजे धान्याची देवी. तिची शपथ मोडली तर घरातलं धान्य रुसून जातं, आणि ते पुन्हा येत नाही. तीस वर्षं इथं काढलेल्या बाईंना हे पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच त्यांनी हात पुढे करून तिला थांबवलं नाही.

पोशीनं नागलीसारखा राब केला. पाला आणि शेण पसरून जाळलं, राखेत अर्धं बी फेकलं. इथला पाऊस तुम्हाला सांगायला नको. आठवड्यात राख गेली, बी गेलं, पोशीचा दसराही गेला. दसऱ्यानंतर तिनं उरलेलं बी थेट उतारावर टाकलं. या खेपेला उगवलं. पानं जमिनीला चिकटून गोल पसरली आणि तशीच बसून राहिली. दांडा नाही, कळी नाही. शेजारची वेणू येऊन म्हणाली, पोशे, ही तर भाजी झाली की. पोशीनं रागानं चार पानं खुडून शिजवली, तर ती कडू जहर. बाईंनी मात्र मुकाट्यानं खाल्ली.

होळी आली तशी गेली. नवसू दारात येऊन उभा राहिला आणि विचारून गेला, फूल आलं का? पोशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उन्हाळ्यात ती त्या रोपांना पाणी घालायची आणि पाणी घालता घालता शिव्याही घालायची. उपटून टाकावीत तर शपथ कायमचीच गळ्यात. जगवावीत तर ती फुलत नाहीत. रात्रंदिवस छातीवर धोंडा ठेवल्यासारखं व्हायचं. पावसाळ्यात अर्धी कुजली. दिवाळीला नवसूनं निरोप धाडला, की येती होळी शेवटची, पुढे मी वाट बघणार नाय.

माघात दांडे वर आले. कळ्या धरल्या. फाल्गुनातल्या एका सकाळी पोशी परसात गेली तर निळं फूल उघडलेलं. ती धावत आत आली. पण जन्मभर पहाटे उठणाऱ्या बाईंचे गुडघे नेमके त्या दिवसापासून जास्तच दुखायला लागले. त्या म्हणाल्या, जेवून येते. जेवून आल्या तेव्हा फूल मिटलेलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. हे फूल सकाळी उघडतं आणि ऊन चढलं की मिटतं, दुसऱ्या दिवशी दुसरं उमलतं. बाई रोज भर दुपारी यायच्या आणि म्हणायच्या, कुठे गं, मला तर काड्याच दिसतात.

होळीला दोन दिवस उरले. पोशी पहाटेच पाणी घालायला गेली, तर मातीत, रोपांच्या अगदी जवळ, गोल गोल ठसे. काठीच्या रबरी टोकाचे. कालच्या सकाळचे, कारण पाणी घातल्यावर माती ओली असते तेव्हाच असे ठसे उठतात, दुपारी ती कडक होते. रोज सकाळी आपण पाणवठ्यावर गेलो की बाई एकट्या इथवर येत होत्या, हे तिला कळलं. संताप आला, आणि त्याच्या मागोमाग रडूही आलं.

मग तिनं कुदळ घेतली. मुळाभोवतालचा मातीचा मोठा गड्डा न फोडता एक रोप काढलं, घमेल्यात ठेवलं, आणि ते बाईंच्या उशाशी नेऊन ठेवलं. त्यावर दोन फुलं उघडली होती. बाईंनी पाहिलं न पाहिलं आणि डोळे गच्च मिटले.

पोशी खाली बसली. खोडाळ्याची गाडी अकराची होती. ऊन खिडकीतून पलंगाच्या पायापर्यंत आलं, तरी बाईंचे डोळे मिटलेलेच, आणि पापण्यांखालून पाणी वाहत होतं.

"बाई, काठीचे ठसे बघले मी," पोशी म्हणाली.

बाईंनी डोळे उघडले. फुलाकडे बघत म्हणाल्या, "पहिल्या दिवशीच दिसलं होतं मला. दुसऱ्या वर्षी फुलतं, हेही पाकिटावर लिहिलं होतं. मी वाचून दाखवलं नाही. तू गेलीस तर मला उठवेल कोण गं?"

पोशी उठली. तिनं गाठोडं बांधलं, वेणूला दोन वेळचं जेवण बघायला सांगितलं, आणि परत आली ती पाण्याचा तांब्या भरून. तो तिनं बाईंच्या पलंगाशी नाही, दाराजवळच्या कट्ट्यावर ठेवला. घमेलंही उचलून तिथंच नेऊन ठेवलं.

"कळ्या अजून सात-आठ हायेत," ती म्हणाली. "ऊन चढायच्या आत पाणी घालायचं. तुमालाच उठाय लागंल."