कार्डाला कुंकू लागलं, दार उघडलं नाही

मंडळी, आत्ताच कारखान्याच्या दारातून परत आलोय. डोकं तापलंय, म्हणून हा कागद आपल्या देवासच्या मंडळाच्या फळ्यावर लावतोय.

खंडेनवमीला पाने-पकडींबरोबर मी कारखान्याचं दार उघडायचं नवं कार्डही पूजेला ठेवलं. त्याच्या काळ्या पट्टीवर कुंकू लागलं. आज दार उघडेना.

चौकीदार रामलाल मला अकरा वर्षं ओळखतो. म्हणाला, "भिया, मैं तो पहचानूँ, ये मशीन नी पहचाने." त्याने साहेबांना फोन केला, माणूस वेळेवर आलाय म्हणून सांगितलं. साहेब म्हणाले, कॉम्प्युटरात नोंद नाही, म्हणजे गैरहजर.

कुंकवाची चूक माझी, कबूल. पण रामलालचा शब्द धरायचाच नसेल, तर त्याला दारावर उभं कशाला केलंय?