तळघराची व्याख्या

प्राजक्ताचा फोन आला तेव्हा मी सक्करदऱ्याच्या बाजारात सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी हातात घेऊन उभा होतो. "काका, आत्या गेली. आत्ताच, साडेनऊच्या सुमारास," ती म्हणाली. मागे कांदेवाला भाव ओरडत होता, म्हणून मी एका दुकानाच्या आडोशाला गेलो आणि काय बोलावं ते न सुचून विचारलं, "कुठे?" म्हणजे घरी की दवाखान्यात. "घरीच. दवाखान्यात जायचं नाही म्हणून बसली होती न ती," प्राजक्ता म्हणाली आणि तिने फोन ठेवला. दुपारी घाटावर वीसेक माणसं होती. बहुतेक शेजारपाजारचे, दोनचार नातेवाईक. ज्या कार्यालयात प्राजक्ताच्या आत्याने, म्हणजे सुनंदा वैरागडे मॅडमनी, एकतीस वर्षं काढली, तिथले आम्ही दोघं. मी आणि एक निवृत्त शिपाई. या गोष्टीला आता सात आठवडे झाले. लिहायला एवढा वेळ का लागला, ते पुढे येईलच…

शहराचा आराखडा आणि बांधकामाचे नियम तयार करणाऱ्या कार्यालयात मॅडम नगररचना सहायक होत्या. मी त्यांच्या हाताखाली आरेखक. नकाशे काढणं हे माझं काम, पण माझं अक्षर बरं होतं म्हणून मसुदे उतरवून काढायचं कामही माझ्याकडे आलं. नवी नियमावली करायची ठरली तेव्हा प्रत्येकाने आपापलं प्रकरण वाटून घेतलं. उंची, मोकळी जागा, रस्त्याची रुंदी, या प्रकरणांना मान होता. बिल्डर, आर्किटेक्ट त्यांच्यासाठीच चकरा मारत. पहिलं प्रकरण व्याख्यांचं. ते कुणालाच नको होतं. मजला म्हणजे काय, गच्ची म्हणजे काय, निवासी वापर कशाला म्हणायचं, दुकान कशाला… साहेब हसून म्हणाले, "ते वैरागडे बाईले द्या, त्याहिले शब्दाची हौस आहे." मॅडमनी फाइल उचलली आणि टेबलावर येऊन मला म्हणाल्या, "धांडे, यांना वाटतं खरे नियम पुढे आहेत. उद्या कोर्टात भांडण होईल ते याच पानावरून होईल."

कोराडीच्या वसाहतीत त्या वाढल्या. वडील वीज केंद्रात फिटर. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख पडायची म्हणून आई ते दोनदोनदा धुवायची, आणि केंद्राचे साहेब तिला सांगायचे की ही राख नव्हे, धूळ आहे. हे त्या हसत सांगायच्या, पण एखाद्या गोष्टीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारण्याचा त्यांचा हट्ट तिथूनच आला असावा असं मला वाटतं. व्याख्या लिहायच्या म्हणून त्या खुर्चीत बसून राहिल्या नाहीत. मला आणि टेप घेऊन महिनाभर वस्त्यांमधून हिंडल्या. कुणाच्याही दारात उभं राहून, पुढे उतरवलेल्या पत्र्याच्या आडोशाकडे बोट दाखवून विचारायच्या, "आजी, याले तुम्ही काय म्हणता वं?" आजी म्हणायची, "काय म्हणू? छपरी म्हणतो." मग मॅडम ते वहीत लिहून घेत. कार्यालयात सगळे हसले, सरकारी कागदावर छपरी कशी चालेल म्हणून. मॅडमचं म्हणणं एवढंच, की ज्याचं घर मोडलं जाऊ शकतं त्याला नोटीस वाचता आली पाहिजे. एक एक वाक्य लिहून झालं की ते त्या मला मोठ्याने वाचायला लावत आणि डोळे मिटून ऐकत. "आता समजा मी बेइमान आहे," असं म्हणायच्या, "मला यातून कुठून निसटता येईल?" वाट सापडली की वाक्य बदलायचं. तळघराच्या व्याख्येला सहा खर्डे लागले. शेवटचा मला आजही पाठ आहे. 'तळघर म्हणजे इमारतीचा जमिनीच्या पातळीखाली असलेला भाग. त्याचा वापर वाहने उभी करणे व सामान साठवणे एवढ्यासाठीच करता येईल. माणसांच्या नियमित वावरासाठी तो वापरता येणार नाही.'

हरकती आणि सूचना मागवल्या तेव्हा या वाक्यावर एकच सूचना आली, पण ती वजनदार लोकांकडून आली. शेवटचं वाक्य काढावं आणि साठवणुकीच्या पुढे 'व मुख्य वापरास अनुषंगिक वापर' एवढे शब्द घालावेत. धंतोलीत तेव्हा जुने बंगले पाडून दवाखाने उभे राहत होते आणि जागा तर तेवढीच होती. मॅडमनी दोनदा नकार लिहून पाठवला. तिसऱ्यांदा साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मी नकाशे घेऊन तिथेच उभा होतो. "चार शब्दांसाठी पूर्ण नियमावली अडून राहिली आहे, बाई," साहेब म्हणाले. "आणि गडचिरोलीत तुमच्या पोस्टची जागा रिकामी आहे, हे तुम्हाले मालूम आहे." मॅडमची आई तेव्हा अंथरुणावर होती. पाहणाऱ्या त्या एकट्याच. त्यांनी बराच वेळ कागदाकडे पाहिलं… आणि सही केली. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "काढा ते वाक्य." मी माझ्याच हाताने त्यावर रेघ मारली आणि शुद्ध प्रत उतरवली. अनुषंगिक हा शब्द मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा लिहिला.

पुढे बरीच वर्षं काही झालं नाही. आई गेली, मॅडम निवृत्त झाल्या, नंदनवनात भावाच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहू लागल्या. भाऊ-वहिनी आधीच गेले होते. खाली त्यांची मुलगी प्राजक्ता. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात धंतोलीच्या एका दवाखान्याच्या तळघरात आग लागली. तिथे मलमपट्टी आणि व्यायामाचा विभाग होता. आग मोठी नव्हती, धूर फार झाला. वर यायला एकच जिना, लिफ्ट बंद पडली. बाकीचे खोकत, धडपडत वर आले. उमरेडकडच्या एका खेड्यातली सिंधू नावाची बाई, पायाला मांडीपर्यंत प्लास्टर, ती टेबलावरच राहिली. तिचा नवरा गणपत फाइल आणायला वर गेला होता. त्याला लोकांनी धरून ठेवलं, खाली जाऊ दिलं नाही. चौकशी लागली. दवाखान्याने कागद दाखवले. सगळं मंजूर, सगळं नियमाप्रमाणे. व्यायामाचा विभाग म्हणजे मुख्य वापराला अनुषंगिक.

मॅडमना कुणीही बोलावलं नव्हतं. त्या आपणहून चौकशी समितीपुढे गेल्या. मूळ मसुद्यात माणसांना मनाई करणारं वाक्य होतं, ते काढायला लावलं गेलं आणि त्यावर सही आपली आहे, असं त्यांनी लिहून दिलं. त्यांना स्वतःला सोडवून घ्यायचं नव्हतं. ते वाक्य परत नियमात यावं एवढंच त्यांचं मागणं होतं. समितीने पुरावा मागितला. जुने मसुदे केव्हाच रद्दीत गेले होते. ते वाक्य डोळ्यांनी पाहिलेला आणि खरं सांगू शकेल असा एकच माणूस उरला होता. मॅडम माझ्या घरी आल्या. चहा घेतला नाही. "धांडे, तुम्ही साहेबांचं नाव घेऊ नका, कुणाचंच घेऊ नका. फक्त ते वाक्य होतं, एवढं सांगा. सोमवारी अकराला." मी म्हणालो, "पाहतो, मॅडम."

माझ्या निवृत्तीला अकरा महिने होते. माझी मुलगी त्याच खात्यात कंत्राटी अभियंता होती आणि तिला कायम करण्याची फाइल वर गेली होती. सोमवारी सकाळी मी बायकोला म्हणालो, अंगात कणकण आहे… आणि दिवसभर पडून राहिलो. अंगात काहीही नव्हतं. समितीच्या अहवालात लिहून आलं की आग विजेच्या उपकरणातील बिघाडाने लागली आणि माजी कर्मचाऱ्याचा दावा सिद्ध होत नाही. शिवाय सेवेत असताना चुकीच्या मसुद्यावर सही केल्याचं मान्य केलं म्हणून मॅडमवरच वेगळी चौकशी बसली. ती पावणेदोन वर्षं चालली. ओळखीचे लोक रस्त्यात दिसले तर पलीकडे जायला लागले. 'बाईचं डोकं फिरलं' हे मी कार्यालयात स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि फाइलीत मान घालून बसलो. व्याख्या आजही तशीच आहे.

त्या मला एका शब्दाने काही म्हणाल्या नाहीत. अहवाल आल्यावर दोन महिन्यांनी फोन आला, "तुमची गाडी आहे न? मला उमरेडच्या पुढे न्याल?" मी नेलं. गणपत अंगणात दोर वळत बसला होता. त्याने खाट टाकली, आतून म्हातारीने पाणी आणलं. मॅडम बसल्या नाहीत. उभ्यानेच सांगू लागल्या, ती जागा माणसांसाठी नव्हती, तसं मी लिहिलं होतं, मग एक शब्द घातला गेला आणि मी तो जाऊ दिला. गणपत ऐकत राहिला. मग म्हणाला, "कोनता शब्द?"

"अनुषंगिक."

"म्हंजे काय होते त्याचं?"

मॅडमनी आयुष्यभर शब्दांचे अर्थ लिहिले होते. त्या म्हणाल्या, "म्हणजे… काहीही, भाऊ. ज्याला जे पाहिजे ते."

"आन तुमाले हे मालूम होतं?"

"हो."

"मंग आता कायले सांगून राहिल्या बाई? आता काय करू मी याचं?" तो ओरडला नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "आन हे कोन?" मी तोंड उघडणार, नक्कीच उघडणार होतो, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. मॅडमच आधी बोलल्या, "माझ्यासोबत आलेत. गाडी चालवायले." गणपतने दोर उचलला आणि तो घरात गेला, तो बाहेर आलाच नाही. म्हातारी भिंतीला टेकून आमच्याकडे पाहत राहिली. परतीच्या वाटेवर मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. पाचगाव मागे पडल्यावर एवढंच म्हणाल्या, "त्याचं बरोबर आहे."

गेल्या वर्षी त्यांना पोटाचा आजार निघाला. डॉक्टरांनी लवकर स्कॅन करायला सांगितलं. प्राजक्ता आणि मी त्यांना धंतोलीत घेऊन गेलो. चाकाच्या खुर्चीवरून लिफ्टपाशी नेल्यावर मदतनिसाने खाली जायचं बटण दाबलं. मॅडमनी विचारलं, "मशीन खाली आहे का?" "हो मावशी, तळघरात." "दुसरा जिना कुठे आहे?" त्याला माहीत नव्हतं. त्याने दुसऱ्याला विचारलं, त्यालाही माहीत नव्हतं. "मावशी, सगळेच जातात खाली, काही नाही होत," तो समजुतीने म्हणाला. मॅडमनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. मी त्यांना घाबरलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "मला नका नेऊ खाली," त्या म्हणाल्या, "प्राजू, घरी चल." वरच्या मजल्यावर मशीन असलेला दवाखाना शोधू म्हटलं, तर त्यांनी मान हलवली. नंतर कुठल्याच दवाखान्यात पाय ठेवला नाही. उपचार घेतले असते तर त्यांचं आयुष्य आणखी लांबलं असतं की नाही, मला ठाऊक नाही. डॉक्टर म्हणाले, लांबलं असतं.

तेरावं झाल्यावर मी एक कागद लिहायला घेतला. एक पान लिहायला मला महिना लागला. मूळ व्याख्या शब्दशः लिहिली, ते वाक्य माझ्या हाताने खोडलं हे लिहिलं, बोलावलं असताना मी आलो नाही हेही लिहिलं. दोन प्रती घेऊन कार्यालयात गेलो. आवक विभागातल्या मुलीने कागद उलटसुलट करून पाहिला. "काका, ही फाइल तर बंद झाली. कोणत्या विषयाले लावू?" मी म्हणालो, "लावायचं तुम्ही पहा. मला फक्त शिक्का द्या." तिने शिक्का मारला. तिथून रिक्षा करून थेट नंदनवनला गेलो.

प्राजक्ता वरच्या खोलीत आत्याच्या साड्या घड्या घालून पेटीत भरत होती. पलंगावरची गादी गुंडाळलेली होती. खिडकीपाशी त्यांची वेताची खुर्ची तेवढी जागेवर होती. मी उभाच राहिलो आणि कागद तिच्या हातात दिला. तिने सावकाश पूर्ण वाचला. मग शिक्क्यावरची तारीख पाहिली.

"त्या सोमवारी मी होते आत्यासोबत," ती म्हणाली. "समितीने तिला अकराला बोलावलं होतं. तिने त्यांना सांगितलं, थोडं थांबा, आमचे धांडे येऊन राहिले. दोन वाजेपर्यंत ती दाराकडे पाहत बसली होती. घरी येताना म्हणाली, काही अडचण आली असेल गं त्यांना, विचारू नकोस."

मी एवढंच म्हणालो की हा कागद मॅडमच्या सामानात ठेव, त्यांच्या नावाने लिहिला आहे. प्राजक्ताने त्याची नीट घडी घातली. क्षणभर वाटलं, पेटीत ठेवेल. तिने तो माझ्यापुढे धरला.

"नाही काका. आत्याच्या वस्तूंमध्ये हा नको," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुमचा आहे. तुमच्याजवळच राहू द्या."

मी कागद घेतला. ती पुन्हा साड्यांकडे वळली. त्या वेताच्या खुर्चीत बसावं असं फार वाटलं, पाय थकले होते… बसलो नाही.