एक डोळा जरा वर

आचऱ्याच्या अलीकडे आमच्या वाडीत बाबली मेस्त्रीची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा, आहे. नागपंचमीच्या सुमाराला घरोघरचे पाट तिथे जातात आणि चतुर्थीच्या सकाळी त्यांच्यावर बसून देव घरी येतो.

बाबलीच्या गणपतीची ख्याती एकाच गोष्टीसाठी. तो बघतो. फळापानांनी सजवलेल्या, वर टांगलेल्या माटवीखाली बसवला की तुम्ही घरात कुठेही असा, त्याचं लक्ष तुमच्यावर. आमचे काका पत्ते खेळताना मुद्दाम देवाकडे पाठ करून बसायचे. तरीही हरले की म्हणायचे, "देवान तेका माझी पानां दाखवल्यान!"

या नजरेचं गुपित सगळ्या वाडीला ठाऊक होतं, निदान ठाऊक आहे असं वाटत होतं. मूर्तीचे डोळे लिहायच्या, म्हणजे रंगवायच्या, दिवसांत बाबली मागच्या पडवीत जाई, करवंटीत काजूची फेणी ओतून एका दमात रिकामी करी, खळखळून चूळ भरी, हातपाय धुई आणि मूर्तीसमोर बसे. सकाळी चहाची बशी सांडणारा हात आता असा ठरे की बघणाऱ्याचाच श्वास अडकावा. "पोटात गेली काय डोळो आपसूक उघडता," असं तो सांगायचा. कुणाचा डोळा, हे आम्ही कधी विचारलं नाही.

घोळ एवढाच की डोळे वर्षातून आठवडाभर लिहायचे असतात आणि करवंटी मात्र बारा महिने हाताशी असते. शिमग्यानंतर एका सकाळी बाबली पाणंदीत आडवा सापडला. त्याची बायको तुळसा त्याला घरी न नेता थेट देवळात गेली. मग गंगाराम गावकर, म्हणजे आमच्या गावचे मानकरी, यांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराची दारू सोडव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी एका सुरात ओरडली. माझा आवाज जरा जास्तच लागला होता.

देवाने ऐकलं. देवाच्या मदतीला सरकारी दवाखान्यातली डॉक्टर तन्वी होती. आमच्याच वाडीची पोर. एकदम सोडू नका म्हणाली, गोळ्या दिल्या, लक्ष ठेवलं. श्रावण आला तेव्हा बाबली अख्खा चहा न सांडता पिऊ लागला होता. वाडी खूश. तुळसा तर लाजल्यासारखी हसायची.

मग यंदाचा पहिला गणपती पुरा झाला, तो गावकरांचा. आम्ही सगळे बघायला गेलो. गावकर इकडून बघतात, तिकडून बघतात, खाली बसून बघतात.

"देखणो आसा," ते शेवटी म्हणाले. "पण बघणा नाय."

खरंच बघत नव्हता. डोळे सुरेख, रेषा निर्मळ, पण नजर आपल्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे. बाबलीने कुंचला खाली ठेवला तो उचललाच नाही.

दुसऱ्या दिवशी तो तन्वीकडे गेला. मी सोबतीला.

"बाय, माका खरा सांग. इतकी वर्सा डोळे मी लिही होतंय, की ती?"

तन्वीने खुर्ची पुढे ओढली. "काका, मेंदूत एक मुकादम असतो. हे चुकलं, ते पुस, असं सारखं सांगणारा. दारू आधी त्याला झोपवते. मग गडी खूश, सगळंच काम झकास वाटतं. आणि हात थरथरत होता तोही तिच्यामुळेच. तीच थरथर लावायची आणि तीच थांबवायची."

"म्हणजे डोळे तिचे?"

"तसं नाही. पण…" तन्वी थांबली. "ते मला नक्की सांगता येणार नाही, काका."

 येताना व्हाळाजवळ बाबली म्हणाला, "मुकादम जागो झालो, पण मेस्त्री खंय गेलो?"  मी उगाच व्हाळातल्या माशांकडे बोट दाखवलं.

इकडे वाडीत वेगळीच गडबड. ज्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं होतं, तेच एकेक जण पिशवीत काहीतरी झाकून शाळेकडे येऊ लागले.

तुळसा दारातच. "काय आणलास?"

"सरबत गो, कोकमाचा."

"मगे पी बघू माझ्यासमोर."

एकानेही प्यायलं नाही.

शेवटी गावकरांनी तोड काढली. देवाला दिलेला शब्द आपण परस्पर कसा मोडायचा? देवालाच विचारूया. पुन्हा देऊळ, पुन्हा गाऱ्हाणं. "बा देवा म्हाराजा, मागे सांगलव ता सांगलव, पण चतुर्थेपुरती ह्या लेकराक एका करटीची सूट दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हटलं, पण तोंडातल्या तोंडात, कारण तुळसा मागेच उभी होती.

कौल लावला. देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आम्ही डोळे ताणून उभे. दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या.

"देवूय गोंधाळलो," गावकर कपाळ पुसत म्हणाले.

तुळसा तडक घरी गेली आणि भिंतीवरचा जुना फोटो उतरवून शाळेत आली. लग्नाच्या वर्षीचा. माटवीखाली गणपती, शेजारी नवी नवरी आणि बाबली.

"तेव्हा हे दारूच्या वासान पण ओकत. ह्यो गणपती ह्यांचोच. बघा, बघता काय नाय?"

बघत होता! आम्ही सगळे एकावर एक वाकलो. मला दिसलं ते असं, की देवाचा एक डोळा दुसऱ्याहून जरासा वर होता. त्यामुळे कुठूनही बघा, एक ना एक डोळा तुम्हाला धरायचाच. मग आमचं लक्ष यंदाच्या मूर्तीकडे गेलं. कपाळावर आडवा दोरा अजून ताणलेला होता. हात चुकेल या भीतीने बाबलीने यंदा दोरा लावून डोळे समान केले होते.

"म्हणजे माझो हात आधीपासूनच वाकडो?" बाबलीच्या तोंडावर हसू आलं.

तेवढ्यात गावकरांना शंका आली. "पण गो तुळशे, फोटो कोणी काढलो?"

"माझ्या भावान."

तोही पिणाऱ्यांतलाच होता. तुळसेचा भाऊ त्या दिवशी शुद्धीवर होता की नव्हता, म्हणजे डोळा वाकडा की फोटो, हे सांगायला आज तो हयात नाही.

बाबलीने थोडा वेळ फोटो धरला. आधी सरळ, मग तिरका, मग पुन्हा सरळ. नंतर तो तुळसेच्या हातात देऊन त्याने मूर्तीवरचा दोरा ओढून काढला, चूळ भरली, हातपाय धुतले आणि ओला फडका घेऊन गावकरांच्या गणपतीचा डोळा पुसला. कुंचला उचलला तेव्हा त्याचा हात किंचित हलत होता. तुळसा मागच्या पडवीच्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

आता आमच्या घरचा गणपती माटवीखाली बसला आहे. बघतो. निदान मी हे लिहीत असताना तरी बघतो आहे. डोळा वर आहे का म्हणून मी फूटपट्टी घेऊन दोनदा उठलो, पण त्याच्या नजरेसमोर ती लावायचा धीर झाला नाही.