पेट्रोलमध्ये पाणी नव्हते

नोकरीतले चोऱ्या-दरोड्यांचे बरेच तपास आता विस्मरणात गेले. दारणेच्या पाण्यावरचा एक मृत्यू मात्र इतक्या वर्षांनंतरही मनातून जात नाही. १९३० नंतरचा काळ. मी तेव्हा नाशिक जिल्ह्यात फौजदार होतो.

पंचवटीत राहणाऱ्या एका तरुण वकिलांना नौकाविहाराचा नाद होता. दारणा धरणाच्या जलाशयावर त्यांची लाकडी नाव असे आणि काठच्या गावातला एक कोळी ती वल्हवीत असे. त्या साली वकिलांनी मुंबईहून नावेच्या मागच्या फळीला अडकवायची मोटार आणली. तिच्या चाकाला दोरी गुंडाळून जोरात ओढली की ती सुरू होई.

एका सकाळी पती-पत्नी भाड्याच्या गाडीतून मोटार घेऊन धरणावर गेले. बाई काठावर थांबल्या. वकील आणि कोळी नावेतून निघाले. ऐन मध्यावर मोटार बंद पडली आणि त्यात वारा सुटला. वकील उभे राहून दोरी ओढत राहिले. नाव लाटेला आडवी होऊन उलटली. कोळी पोहून बाहेर आला. वकिलांचे प्रेत दुसऱ्या दिवशी हाती लागले.

आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. पण लवकरच वकिलांच्या एका नातेवाइकाने ठाण्यात येऊन खबर दिली की, मोटार आल्यापासून कोळी नाराज होता. आता वल्ह्याला कोण विचारतो, असे तो गावात बोलला होता. शिवाय त्या दिवशी नावेत वल्ही नव्हतीच. यानेच मोटारीत काहीतरी करून ठेवले, असा त्यांचा आरोप होता.

नाव वर काढली तेव्हा मोटार फळीला तशीच आवळलेली होती. ती ठाण्यात आणून एका मेस्त्रींना दाखवली. त्यांनी टाकीचे झाकण काढून पेट्रोल पाहिले, प्लग पुसून वाळवला, आत शिरलेले पाणी काढले आणि पाण्याने भरलेल्या पिंपावर मोटार बसवून दोरी ओढली. ती सुरळीत चालू लागली. बिघाड काहीच नाही, असे मेस्त्री म्हणाले. पेट्रोलही स्वच्छ आहे, वाया घालवू नका, असे जाता जाता त्यांनी सांगितले. बिघाड नसेल तर ती पाण्यावर बंद का पडली? मी कोळ्याला ताब्यात घेतले.

पन्नाशीचा, अबोल माणूस. मी फिरवून फिरवून विचारले, पण त्याचे सांगणे बदलले नाही.

"सायेब, थोडं चाललं, मंग खोकलं, न् बंद पडलं. वढून वढून त्यांचं हात सोललं. मला त्या यंत्रातलं काय बी कळत नाय."

वल्ह्यांचे विचारले तर म्हणाला की, मी घेत होतो, वकीलसाहेबांनी काठावर ठेवायला लावली. हवालदारांचे मत होते की थोडा हात दाखवावा. मी नको म्हटले. खोटे बोलणारा माणूस प्रत्येक वेळी गोष्टीला नवे ठिगळ लावतो. हा लावत नव्हता.

मग मेस्त्रींचे ते बोलणे मनात घोळू लागले. मोटार रात्रभर तलावात होती. सगळीकडे पाणी शिरले, मग पेट्रोल स्वच्छ कसे राहिले? मी टाकीचे झाकण हातात घेतले. त्यावर हवा आत जाण्यासाठी एक बारीक स्क्रू होता, तो गच्च आवळलेला होता; म्हणूनच पाणी आत गेले नव्हते, पण मग हवाही जात नसणार. मेस्त्रींना पुन्हा बोलावले आणि कोळ्यालाही अंगणात आणून उभे केले. स्क्रू तसाच ठेवून झाकण बसवले आणि मोटार सुरू केली. काही वेळ ती छान चालली, मग अडखळली आणि थांबली. कितीही दोरी ओढली तरी दाद देईना. मेस्त्रींनी स्क्रू सैल करताच टाकीने सुस्कारा टाकल्यासारखी हवा आत ओढली, आणि मोटार पुन्हा चालू झाली. हवा मिळाली नाही की टाकीतले पेट्रोल खाली उतरत नाही; पहिल्या तपासणीत झाकण उघडताच हवा आत जाऊन दोष आपोआप नाहीसा झाला होता.

"असंच झालं व्हतं," कोळी म्हणाला आणि खाली बसून रडू लागला.

स्क्रू कोणी आवळला, एवढे उरले. बाई सुतकात होत्या; त्यांना त्रास नको म्हणून घरच्यांनी आजवर जबाब टाळला होता. मी घरी गेलो. त्यांनी सरळ सांगितले की, एरवी टाकी काठावर गेल्यावर भरत, त्या दिवशी घरूनच भरून नेली होती. गाडीत मोटार आडवी होती, फराळाच्या डब्यावर पेट्रोल ठिबकू लागले, म्हणून त्यांनीच स्क्रू घट्ट केला. यजमानांना सांगायचे राहून गेले. वल्ही यजमानांनीच काठावर ठेवायला लावली, हेही बाईंनी ऐकले होते.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "त्याच्यामुळे बंद पडली का?"

मी म्हटले, निघण्यापूर्वी स्क्रू पाहणे चालवणाऱ्याचे काम असते. ते खरेच होते. पण त्यांना उत्तर कळले होते. त्यांनी विचारले, "नाववाल्याला सोडलंत का?"

कोळ्याला मी त्याच दिवशी सोडले. अहवालात 'यंत्रातील दोष' इतकेच लिहावे आणि बाईंचे नाव येऊ देऊ नये, असे मी ठरवले होते. तसे त्यांना कळवलेही. पण मॅजिस्ट्रेटपुढच्या चौकशीला त्या भावाबरोबर आल्या आणि उभ्या राहून म्हणाल्या, "स्क्रू मी आवळला होता. हे लिहून घ्या. नाहीतर लोक जन्मभर त्या माणसालाच दोषी धरतील."

गुन्हा कोणाचाच नव्हता. अपघाती मृत्यू ठरला. सासरच्यांनी त्यांच्याशी बोलणे टाकले आणि महिन्याभरात त्या माहेरी गेल्या. निघण्याच्या दिवशी कोळी स्टेशनवर आला होता, असे मला नंतर समजले. त्याने त्यांना लांबूनच हात जोडले.

पोलिसाला दोषी शोधण्याची सवय लागते, आणि दोषी सापडला की काम झाले असे वाटते. त्या तपासात दोषी कोणीच नव्हता, तरी दुःख पुरते होते. एका निरपराध्याला सोडवण्यासाठी दुसऱ्या निरपराध बाईने ते सगळे आपल्या अंगावर घेतले. पुढे कितीतरी शूर माणसांबरोबर मी काम केले. पण धैर्य म्हटले की मला त्या बाईच आठवतात.