बैलाच्या खांद्यामागे

बेल्ह्याच्या बाजारात सकाळचं कोवळं ऊन शेणाच्या, कडब्याच्या आणि बिडीच्या वासात मिसळून असं काही उतरतं, की फोटो काढणाऱ्याचं चित्त ठिकाणावर राहत नाही. माझं तर त्या दिवशी मुळीच नव्हतं. कॅमेऱ्याला नवी लेन्स होती, महागाची, मोठ्या तोंडाची. अंधुक उजेडातही झटक्यात टिपणारी, नेमकं एक टोक धारदार ठेवून बाकी सारं तुपासारखं वितळवणारी. त्या वितळण्याचीच मला भूल पडली होती.

लोणीहून आलेल्या एका जोडप्यानं नुकताच बैल विकला होता. बैल दिला तरी दावं द्यायचं नाही, या रिवाजानं बाईंनी ते सोडून हाताशी गुंडाळून घेतलं होतं. "भाऊ, एक फोटू काढा हिचा न् बैलाचा," नवरा म्हणाला. "हिनंच बाटलीनं दूध पाजून जगवलाय त्याला." घेणाऱ्याचा टेम्पो सुरूच होता. मी बैलाच्या डोळ्यावर नेम धरला, लेन्सचं तोंड सताड उघडं ठेवून एकदाच कळ दाबली आणि पत्ता लिहून घेतला.

घरी फोटो मोठ्या पडद्यावर पाहिला. बैलाच्या पापणीचा केस न् केस मोजावा असा. त्याच्या खांद्यामागे बाईंच्या जागी हिरव्या लुगड्याचा नुसता डाग.

चार दिवस कशात चैन पडेना. कपाटातली जुनी, लहान तोंडाची संथ लेन्स काढून उगाच पुसत बसलो. तिच्यात उजेड बेतानं शिरतो, म्हणून ती घाई करू देत नाही. तिपाई लावा, माणसांना जरा थांबा म्हणा. पण त्या थांबण्यात मागे कोण उभं आहे हे बघणं होतं, आणि पुढचं-मागचं सारख्याच निगुतीनं उमटतं. हे मला ठाऊक नव्हतं थोडंच? माज होता, दुसरं काय.

शेवटी फोटो घेऊन लोणीला गेलो. चूक माझी, तुम्ही आलाच नाहीत यात, असं सरळ सांगून टाकलं. बाईंनी पदराला हात पुसले, फोटो दारातल्या उजेडात धरला आणि कितीतरी वेळ त्या बैलाकडेच बघत राहिल्या.

"आसू द्या, भाऊ. त्यो दिसतोय ना लख्ख. मी तर हितंच हाय."

मला ते सोसेना. जुनी लेन्स सोबत आणलीच होती. आता तुमचा एक नीट काढतो, म्हणत मी अंगणात घाईनं तिपाई मांडली. बाईंनी एकवार रिकाम्या गोठ्याकडे पाहिलं.

"आता कुणासंगं?" त्या म्हणाल्या.

मी तिपाईचे पाय एकेक करून मिटले.